सरकारी शाळा नागरिक घडवते का, आणि घडवत असेल तर नेमकी कशाने?

करवीरवासी

आमच्या तालुक्यातल्या एका वाडीतील जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट वीसच्या खाली गेला आहे. ती शेजारच्या मोठ्या गावातील शाळेत विलीन करावी का, यावर मागच्या ग्रामसभेत बराच वेळ चर्चा झाली. अंतर किती, गाडीची सोय कोण करणार, रिकाम्या इमारतीचे काय करायचे, हे सगळे मुद्दे निघाले. मात्र शाळा ही मुलांना लिहा-वाचायला शिकवण्याची केवळ एक सोय आहे की उद्याचा नागरिक तयार होण्याची ती जागा आहे, हा प्रश्न कोणीच काढला नाही. म्हणून तो इथे मांडतो.

कोल्हापुरात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि त्याचे उत्तरही दिले गेले होते. नामदार गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९११ मध्ये मांडले आणि ब्रिटिश सरकारने ते पुढच्याच वर्षी हाणून पाडले. जे साम्राज्याला परवडत नव्हते ते राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या छोट्या संस्थानात सुरू केले : प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड. १९१७ चा हा हुकूम सर्वांना ठाऊक असतो. माझ्या मते १९१९ चा हुकूम त्याहून मोठा आहे. त्या वर्षी महाराजांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद केल्या आणि त्या मुलांना इतरांच्याच शाळेत, इतरांच्याच बरोबरीने बसवण्याची आज्ञा केली. पहिल्या हुकुमाने मुले शाळेत आली, दुसऱ्याने ती एकमेकांच्या शेजारी आली.

आज मुलांची विभागणी जातीच्या नावाने होत नाही, पण फीच्या रकमेने ती पुन्हा होऊ लागली आहे. सदस्यांना माझा प्रश्न असा : सार्वजनिक शाळेमुळे नागरिक घडतो असे तुम्हाला वाटते का? वाटत असेल तर तो पाठ्यपुस्तकाने घडतो, शिक्षकाने घडतो, की बाकावर शेजारी कोण बसते त्याने?

उत्तरेश्वर_पेठ

बाकावर शेजारी कोण बसते त्याने. मी महानगरपालिकेच्या शाळेत शिकलो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले आज फारसे आठवत नाही, पण वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी काय शिजते, कोणाचे वडील हमाली करतात आणि कोणाच्या घरी रमजानचे रोजे असतात, हे मला आठव्या वर्षी माहीत होते.

दसरा_चौक

करवीरवासी यांच्या मांडणीत एक गुंतागुंत राहून गेली आहे आणि ती टाळून पुढे जाऊ नये असे मला वाटते. ज्या शाहू महाराजांनी शाळा एकत्र केल्या, त्यांनीच वसतिगृहे मात्र जातवार काढली. १९०१ मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगसाठी संस्था, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी ही रांग आहे. आजही दसरा चौकात उभे राहिले की त्यातल्या काही इमारती दिसतात. मग महाराजांना मुले एकत्र हवी होती की वेगळी?

याचे उत्तर त्या काळच्या अनुभवात आहे. आधी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले होते, तिथे शेवटी एकाच वरच्या जातीचे विद्यार्थी उरले. बाकीच्या समाजातली मुले शहरात टिकली नाहीत, तर ती एकत्र बसणार कोणाबरोबर? आधी प्रत्येक समाजातून शिकणारी पिढी उभी राहिली पाहिजे, मग ती एकाच वर्गात बसेल, असा तो हिशेब होता. तो बरोबर ठरल्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवू लागली.

आणखी एक गोष्ट. सार्वजनिक पैसा कोणाच्या शिक्षणावर खर्च व्हावा, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्येच ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे ठेवला होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या वाट्याला जातो, असे सांगून त्यांनी निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. नागरिक घडवण्याची भाषा करण्याआधी तिजोरीचे तोंड कोणाकडे आहे हे पाहावे, हा त्यांचा धडा मला आजही लागू वाटतो.

स्पष्टवक्ता

मला या संपूर्ण प्रश्नाच्या रोखाबद्दल शंका आहे. ‘राज्याने नागरिक घडवावेत’ हे वाक्य ऐकायला उदात्त वाटते, पण ज्या ज्या राज्यांनी ते मनावर घेतले, त्यांचा इतिहास वाचला की धास्ती वाटते.

जपानने १८७२ मध्ये देशभर शाळांचे जाळे विणायला घेतले आणि १८९० मध्ये सम्राटाच्या नावाने शिक्षणविषयक राजाज्ञा काढली. शाळाशाळांतून मुले तिच्यापुढे वाकत असत. निष्ठा, आज्ञापालन आणि वेळ पडल्यास राष्ट्रासाठी स्वतःला वाहून घेणे, हे त्या आज्ञेचे सार होते, आणि त्या शिकवणीत वाढलेल्या पिढ्या कुठे नेल्या गेल्या ते जगाने पाहिले. युद्धानंतर १९४७ मध्ये जपानला शिक्षणाचा नवा कायदा करावा लागला आणि १९४८ मध्ये संसदेने ती राजाज्ञा मोडीत काढली.

फ्रान्सचे उदाहरण सौम्य आहे, तरी बोलके आहे. १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी तिथे प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले आणि धर्मशिक्षणाच्या जागी नीती व नागरी शिक्षण आले. ते चांगलेच झाले. पण त्याच शाळांमध्ये ब्रेटन बोलणाऱ्या मुलाला घरची भाषा तोंडातून निघाली म्हणून शिक्षा होत असे. एका राष्ट्राचा एकसारखा नागरिक घडवताना लहान भाषांचा असा बळी जातो. आपल्याकडे २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला, गदारोळ झाला आणि जूनच्या अखेरीस शासनाला ते आदेश मागे घ्यावे लागले. तेव्हा हीच भीती लोकांच्या मनात होती.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की शाळेने मुलाला वाचायला, हिशेब करायला आणि प्रश्न विचारायला शिकवावे. नागरिक तो आपला आपण होईल.

निवृत्त_मुख्याध्यापक_शिरोळ

स्पष्टवक्ता यांची भीती मला समजते, पण ‘नागरिक आपला आपण होईल’ हे तितके सोपे नाही. प्रश्न विचारायला शिकवणे हेच नागरिक घडवणे आहे, आणि ते शिकवावे लागते.

परिपाठापासून सुरुवात करतो. राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते, २०२० पासून संविधानाची उद्देशिकाही वाचली जाते. प्रतिज्ञा मूळची तेलुगू, पायदिमर्री वेंकट सुब्बा राव यांनी १९६२ मध्ये लिहिलेली. ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ हे वाक्य मुले रोज एका सुरात म्हणतात आणि बहुतेकांचे लक्ष तेव्हा पुढच्या मुलाच्या दप्तरावर असते. पाठांतराने नागरिक घडतो असा माझा दावा नाही. परंतु त्याच शाळेत आम्ही दरवर्षी शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक घेत होतो. अर्ज भरणे, माघार घेणे, प्रचाराला एक दिवस, मतदानाला खोक्याची मतपेटी, बोटाला शाई. एका वर्षी चौथीतल्या एका मुलाने मला विचारले, “गुरुजी, मी कुणाला मत दिलं ते तुम्हाला कळणार का?” नाही म्हटल्यावर त्याने वर्गाच्या दाराकडे पाठ करून चिठ्ठीची आणखी एक घडी घातली. त्याच्या घरी मत कोणाला द्यायचे हे थोरली माणसे ठरवत, हे मला माहीत होते. त्याच निवडणुकीत पाणीमंत्री झालेल्या मुलीने महिनाभरात टाकी धुण्याची तारीख भिंतीवर लिहायला लावली आणि ती तारीख चुकली तेव्हा थेट माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

दुसरी गोष्ट पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या तालुक्यातली गावेच्या गावे पाण्यात होती आणि उंचावरच्या शाळा निवारा केंद्रे झाल्या. फळ्यावर खडूने कुटुंबांची नावे आणि माणसांची संख्या लिहिलेली होती. एका वर्गात ज्यांची घरे गावाच्या दोन टोकांना असतात अशी कुटुंबे शेजारी शेजारी अंथरुणे घालून राहिली. पहिल्या रात्री कुरबुरी झाल्या, त्या मोठ्यांमध्ये. मुलांना कसली अडचण आली नाही, कारण ती त्याच खोलीत रोज एकत्र बसत होती. आपत्तीच्या वेळी सगळे गाव कोणत्या इमारतीला आपली मानते, हे तेव्हा दिसले. ती इमारत खासगी असती तर कुलूप उघडण्यासाठी आधी मालकाला फोन लावावा लागला असता.

शाहूपुरीतील_आई

इथे सगळे सार्वजनिक शाळेच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडते. मी माझ्या मुलीला खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले आणि त्याबद्दल मला संकोच नाही. आधी आम्ही घराजवळच्या सरकारी शाळेत चौकशी केली होती. तिथे दोन शिक्षक आणि चार इयत्ता होत्या. त्यांतले एक गुरुजी त्या आठवड्यात मतदारयादीच्या कामासाठी बाहेर होते आणि दुसऱ्या बाई चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसल्या होत्या. त्या बाईंबद्दल मला आदरच आहे. पण माझ्या मुलीचे पहिलीचे वर्ष मी त्या खोलीवर सोपवायला तयार नव्हते.

समाज एकत्र यावा हे मलाही हवे आहे. ते ओझे माझ्या सहा वर्षांच्या मुलीने एकटीने का उचलावे? आधी शाळा चांगली करा, मग आम्हाला बोलवा.

स्पष्टवक्ता

ताईंशी पूर्णपणे सहमत. पालकाच्या निवडीला दोष देऊन काही साधणार नाही.

आजरा_मुक्काम

ताईंना दोष कोणी देऊ नये. पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर आमच्या आजरा तालुक्यातल्या एका माणसाने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. जे. पी. नाईक बहिरेवाडीचे. १९६४ ते ६६ या काळात देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. ‘भारताचे भवितव्य आज वर्गखोल्यांतून घडत आहे’ हे त्या अहवालातले पहिलेच वाक्य सगळीकडे भिंतींवर रंगवलेले असते. त्याच अहवालाने पुढे असेही म्हटले आहे की आपली शिक्षणव्यवस्था स्वतःच सामाजिक दुरावा वाढवत आहे, कारण पैसेवाल्यांची मुले फी देऊन चांगल्या शाळेत जातात आणि उरलेल्यांसाठी निकृष्ट शाळा उरते. हे भिंतीवर कोणी रंगवत नाही.

आयोगाचा मुद्दा केवळ गरिबांच्या बाजूचा नव्हता, हे लक्षात घ्यावे. जे पालक आपली मुले वेगळी काढतात ते त्यांना सामान्य मुलांच्या जगण्यापासून तोडतात आणि त्यामुळे त्यांचे स्वतःचेच शिक्षण अपुरे राहते, असे आयोगाने स्पष्ट म्हटले. त्यावर उपाय म्हणून शेजारशाळा सुचवली : परिसरातली सगळी मुले, श्रीमंताची असोत वा मजुराची, एकाच सार्वजनिक शाळेत. कलेक्टरचे मूल ज्या शाळेत असते त्या शाळेचे छप्पर गळत नाही, हा त्यामागचा साधा व्यवहार आहे. बोलणारे, लिहिणारे, अधिकाऱ्याला जाब विचारणारे पालक निघून गेले की शाळा आणखी खालावते, आणि ती खालावली म्हणून उरलेसुरलेही जातात. ताई म्हणतात आधी शाळा चांगली करा, पण ती चांगली करून घेणारी माणसे त्यांच्यासारखीच आहेत.

शाहूपुरीतील_आई

तुमचा शेवटचा मुद्दा मला पटतो आणि तोच मला अस्वस्थही करतो. पण सर्वांनी एकदम तसे केले तरच तो खरा ठरतो. एकटी मी गेले तर छप्पर दुरुस्त होत नाही, माझी मुलगी मात्र त्याखाली बसते. म्हणूनच महाराजांनी दंड ठेवला असेल. प्रत्येकाच्या सद्बुद्धीवर सोडले असते तर १९१७ मध्येही काही झाले नसते.

वकील_भाऊसिंगजी_रोड

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण इथे अनेकांच्या बोलण्यात ती गृहीत धरलेली दिसते.

घटनेच्या मूळ ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते मार्गदर्शक तत्त्व होते, त्यासाठी न्यायालयात जाता येत नव्हते. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने २१अ कलम आले आणि सहा ते चौदा वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्यासाठीचा २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. शेजारशाळेची कल्पना या कायद्यात आहे, पण अर्धवट : पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, एवढेच. त्या शाळेत सर्वांनी जावे असे बंधन नाही. त्याऐवजी खासगी शाळांनी पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात, अशी तरतूद केली.

या पंचवीस टक्क्यांबद्दल आपल्या राज्यात जे घडले ते या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून, जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला या जबाबदारीतून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. शासनाचा युक्तिवाद पैशाच्या अंगाने समजू शकतो. पण तो नियम टिकला असता तर दोन प्रकारची मुले एका वर्गात येण्याचा जो एकमेव कायदेशीर दरवाजा आज उघडा आहे, तोही बंद झाला असता.

निवडणुकीच्या कामाबद्दल ताईंनी लिहिले आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकांना देण्याची मुभा त्याच कायद्याने ठेवली आहे. त्यामुळे ती तक्रार शाळेकडे नव्हे, कायदा करणाऱ्यांकडे न्यावी लागेल.

कसबा_बावडा

थोडे अवांतर. शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा तासांबद्दल कोणी बोलले नाही. आमच्या जिल्ह्यातल्या कित्येक सरकारी शाळांनी त्या परीक्षेच्या बळावर पट टिकवला आहे, आणि सकाळी सात वाजता स्वेटर घालून वर्गावर हजर असणारे गुरुजी मी स्वतः पाहिले आहेत. सरकारी शाळा सरसकट वाईट, असा सूर लावू नये.

हातकणंगले_शिक्षिका

मी गेली अनेक वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बाकावर शेजारी कोण बसते यावर इतकी चर्चा झाली, पण ज्याला बाकच मिळत नाही त्या मुलाचे नाव अजून निघाले नाही.

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येतात. आमच्या शाळेच्या मागच्या माळावर खोपी पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, पहाटे दोघेही फडात जातात आणि सात-आठ वर्षांची मुलगी मागे राहून धाकट्या भावाला सांभाळते. तिचे नाव तिच्या गावच्या शाळेत पटावर असते आणि ती असते इथे. पूर्वी कारखान्यांच्या जवळ या मुलांसाठी हंगामापुरत्या साखरशाळा चालत. आता अशा मुलांना जवळच्या नियमित शाळेत घ्यावे असे धोरण आहे, आणि कायदाही हेच सांगतो : वर्षात केव्हाही प्रवेश द्यायचा, वयानुसार वर्गात बसवायचे, दाखला नाही म्हणून परत पाठवायचे नाही.

गेल्या हंगामात आम्ही त्यातल्या काही मुलांना खोपीवर जाऊन आणले. पहिल्या दिवशी ती वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून बसली, बाकावर बसायला तयार होईनात. आमच्या गावच्या मुलांनी त्यांना ‘टोळीवाली’ म्हणायला सुरुवात केली. मी उपदेश केला नाही. गणिताच्या तासाला उसाच्या गाडीचे वजन, तोडणीचा दर आणि उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम यांची उदाहरणे घातली आणि त्या मुलांना फळ्याजवळ बोलावले. टनाचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. कोयत्याला हंगामाच्या आधी उचल किती मिळते आणि ती फिटायला किती टन ऊस तोडावा लागतो, हे एका नऊ वर्षांच्या मुलाने सगळ्या वर्गाला समजावून सांगितले. वर्गात बागायतदारांची मुले होती. आपल्या शेतातला ऊस कोण तोडते हे त्यांनी रोज पाहिले होते, पण त्या माणसाच्या अंगावर किती कर्ज असते हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा बाकावर बसू लागला.

स्पष्टवक्ता विचारतात तसा धोका राज्याच्या पुस्तकात असू शकतो. तो मला मान्य आहे. परंतु हा तास राज्याने शिकवला नाही. बागायतदाराचा आणि तोडणाऱ्याचा मुलगा एका खोलीत होते म्हणून तो घडू शकला, आणि फी घेणाऱ्या शाळेत ते दोघे एका खोलीत येण्याची शक्यता मला दिसत नाही.

स्पष्टवक्ता

बाई, तुमचा अनुभव वाचून मी माझ्या मताला एक मर्यादा घालतो. पुस्तकातून नागरिक घडवण्याला माझा विरोध कायम आहे. खोली एकच असावी याला विरोध नाही.

करवीरवासी

सर्वांचे आभार. मुख्याध्यापकांनी सांगितलेली मतपेटी आणि बाईंनी सांगितलेला गणिताचा तास, या दोन्ही गोष्टी मी पुढच्या ग्रामसभेत मांडणार आहे. वकीलसाहेब, एक विचारायचे आहे. आमच्या वाडीपासून ती मोठी शाळा एक किलोमीटरपेक्षा लांब आहे. मग विलीनीकरणाला कायद्याने अडवता येते का? आणि शिक्षिकाताई, आमच्या वाडीच्या ओढ्याकाठीही दर हंगामात टोळी उतरते. त्यांची मुले शाळेत आणली तर पट वीसच्या वर जाईल असा माझा अंदाज आहे.

वकील_भाऊसिंगजी_रोड

एक किलोमीटरच्या आत शाळेची सोय ही शासनाची जबाबदारी आहे, त्यामुळे अंतराचा मुद्दा भक्कम आहे. लांब जाणाऱ्या मुलांना वाहतूक देऊन ती जबाबदारी पार पाडली, असा बचाव शासन करील. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आधी करून घ्या. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. त्या समितीची बैठक खरोखर झाली पाहिजे, नुसत्या सह्या गोळा केलेल्या नकोत. समोरच्या बाजूने पहिला आक्षेप त्यावरच येईल. ठरावात अंतर मोजून लिहा आणि वाटेत ओढा, महामार्ग जे असेल त्याचाही उल्लेख करा.

हातकणंगले_शिक्षिका

दादा, मुले जरूर आणा, पण पटाच्या हिशेबात एक अडचण आहे ती आधीच सांगते. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे ते ठरवताना, ३० सप्टेंबरचा पट धरला जातो आणि टोळ्या उतरतात त्याच्यानंतर. त्यामुळे तुमच्या ओढ्याकाठची मुले चार-पाच महिने वर्गात बसली तरी शिक्षकांच्या मंजुरीत ती दिसणार नाहीत. तुमच्या ठरावात हंगामी मुलांची संख्या वेगळी नोंदवा, आणि विलीनीकरणाचा विचार करताना ती धरावी अशी मागणी स्पष्ट शब्दांत घाला. खोपीवर जाऊन नावे, वय आणि मूळ शाळा लिहून घेण्याचा तक्ता आमच्याकडे तयार आहे, तो उद्या इथेच देते.